बोटभर आफ्टरशेव्ह

सुनेनं बाटलीचं झाकण पिळून घट्ट केलं, त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा ताणून रबर लावलं आणि बाटली कपाटाच्या सगळ्यात खालच्या, थंड कप्प्यात ठेवली. आफ्टरशेव्ह तरीही उतरतच होतं. आता तळाशी जेमतेम बोटभर उरलं होतं. बाजारात ते मिळेनासं झालं होतं. हे संपलं की नवऱ्याचा वास या घरातून कायमचा जाणार होता.

रंगाच्या कारखान्यात तिचं कामच मुळी वाळण्याचं. काचपट्टीवर रंग पातळ पसरला की किती लवकर सुकतो, उष्णता किती नेते, वारा किती नेतो, हे ती रोज बघायची. नवरा गेल्यावर सासूबाई ताटावर नुसत्या बसून उठायला लागल्या, तेव्हा तिनं दाराआड टांगलेल्या त्याच्या जाड स्वेटरवर दोन थेंब टाकले. पंखा बंद, खिडकी बंद. सासूबाई आत आल्या आणि थबकल्या.

"आला होता गं."

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. तेव्हापासून ही शहाणी बाई घरात भुताटकी चालवत होती.

पण तेवढ्या थेंबांनी बाटली इतकी उतरत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. कधीकधी तिच्या स्वतःच्या उशीला त्याचा वास यायचा. अंगावर काटा उभा राहायचा, आणि मग गाढ झोप लागायची. आईंसाठी मी खोटा आणते, माझ्याकडे मात्र खरा येतो, असं तिला वाटायचं. त्याची लाजही वाटायची.

एके दिवशी कारखान्यात वीज गेली आणि ती दुपारीच घरी आली. तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत सासूबाईंनी आधी पंखा बंद केला. खाली वाकून बाटली काढली, रबर सोडवलं, उशीवर थेंब टाकले आणि ते उडून जाऊ नयेत म्हणून वरून चादर ओढली.

"पोरीला झोप लागू दे रे," त्या पुटपुटल्या.

तिच्यासाठी नवरा दुसऱ्यांदा गेला होता. ती पाऊल न वाजवता जिन्यापर्यंत मागे गेली, तिथं बराच वेळ बसली, मग मोठ्यानं खोकून चपला आपटत वर आली.

रात्री जेवताना ती म्हणाली,

"आई, आज आला होता. माझ्याकडे."

पाणी ओतता ओतता सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"माझ्याकडेही येतो," त्या म्हणाल्या. "पण हल्ली थकलाय गं. फार वेळ थांबत नाही."

सुनेनं उठून पंखा बंद केला.