डावरीची रेघ

टांकसाळीत तिला सगळे डावरी म्हणायचे. ती ओ द्यायची, पण वर ऐकवायचीही, "तुमच्या उजव्या हातानं घासलेला डाय माझ्या डायशेजारी ठेवा, मग बोला!" आणि ते खरंच होतं. नाणं छापणारा पोलादी डाय ठोके खाऊन खाऊन झिजला, की अक्षरं कडेला ओघळतात आणि नाण्याचा सपाट भाग खरबरीत दिसतो. तसला डाय डावरीच्या बाकावर आला, की तासाभरात त्यात तोंड बघून घ्यावं. नियम एवढाच, की एक डाय दोनदाच घासायचा. पुन्हा झिजला, की थेट भट्टीत.

त्या दिवशी बँकेनं सात नाणी खोटी म्हणून परत पाठवली. नाण्यावरच्या कणसाला पाच दाणे हवेत, तर या सातांवर चारच. हा छाप एकाच प्रेसवर चालायचा, आणि ती प्रेस चालवायचे डावरीचे वडील. निवृत्तीला चार दिवस राहिलेले!

नव्या साहेबांनी दोघांनाही खोलीत बोलावलं. "झिजलेला डाय तुम्ही बाहेर विकलात," ते वडिलांना म्हणाले. "बाहेर कुणीतरी तो घासून वापरला, म्हणून दाणा गेला. आपल्या वहीत तिसऱ्यांदा घासल्याची नोंदच नाही."

ऐका आता! ज्या माणसानं चौतीस वर्षांत एक कोरी चकतीसुद्धा खिशात घातली नाही, त्याला हे ऐकवायचं! डावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघू ती नाणी," ती म्हणाली आणि भिंग डोळ्याला लावलं.

डाय घासताना राहिलेला ओरखडा नाण्याच्या सपाट भागावर बारीक रेघ होऊन उठतो. बाकी सगळ्यांच्या रेघा एका बाजूला कलतात, हिच्या उलट्या बाजूला. सातही नाण्यांवर रेघा उलट्या कललेल्या होत्या.

तिला तो डाय आठवला. दोनदा घासून झालेला, पण इतका देखणा, की भट्टीत टाकायला मन धजेना. माझ्या हाताला काय अशक्य आहे, असं म्हणत तिनं तो गुपचूप तिसऱ्यांदा घासला आणि प्रेसवर पाठवून दिला. पाचातला सगळ्यात उथळ दाणा त्यात पुसला गेला आणि तिला पत्ताच नाही. पुढे तो डाय भट्टीत वितळलाही. आता ती गप्प बसली असती, तर बाक राहिला असता आणि बापाची अब्रू गेली असती.

"साहेब, डाय बाहेर गेलाच नव्हता. मी घासला. तिसऱ्यांदा, नोंद न करता."

"वडिलांना वाचवायला बोलताय."

"मग डोळ्यांनी बघा."

तिनं भट्टीच्या वाटेवरचा एक डाय मागवला, साहेबांसमोर डाव्या हातानं घासला आणि वडिलांना दिला. वडिलांनी तो प्रेसला चढवला आणि चार नाणी छापली. साहेबांनी ती भिंगाखाली सातांच्या शेजारी धरली. रेघा हुबेहूब त्याच बाजूला कललेल्या होत्या.

"नाणी आपलीच आहेत," साहेब म्हणाले. "पण बाई, या बाकावर तुम्हाला परत बसता येणार नाही."

"ठाऊक आहे," डावरी म्हणाली.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," वडील पुटपुटले. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी तिच्या हातातलं भिंग घेतलं आणि बँकेतून आलेलं एक नाणं नीट न्याहाळलं.

"दाणा घालवलास, ते चुकलंच. पण उरलेल्या चार दाण्यांवर बघ, एक ओरखडा नाही. तिसऱ्या घासणीत हे मलाही जमलं नसतं."

चौतीस वर्षांत त्या माणसानं कुणाच्या कामाला चांगलं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी जबानी लिहून घेतली. डावरीनं सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती, म्हणून कागद वडिलांकडे सरकवला. त्यांनी सावकाश, ठसठशीत अक्षरात सही केली. पुढे हुद्दा लिहायचा होता. तिथे त्यांनी प्रेसचालक लिहिलं नाही.

"हे काय लिहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"हिचा बाप," वडील म्हणाले. "तेच लिहिलंय. राहू द्या तसंच."