फळीपलीकडच्या बाईंना सांगा

आईबाबांचं दुकान एकच होतं, पण त्याला दारं दोन होती. एका दारावर पुरुषांचं सलून, दुसऱ्यावर बायकांचं पार्लर आणि मध्ये प्लायवूडची फळी. फळी इतकी पातळ, की इकडे कुणी शिंकलं तर तिकडून "नाक पुसा" असा हुकूम यायचा. अलीकडे बाबांची कात्री चालायची, पलीकडे आईची. आणि दोघांची तोंडं कात्रीहून जोरात.

त्यांची बोलायची तऱ्हाही न्यारी. दुकानात थेट एकमेकांशी अवाक्षर नाही. मध्ये गिऱ्हाईक लागायचं. बाबा समोरच्याच्या गालाला साबण फासता फासता म्हणायचे, "फळीपलीकडच्या बाईंना सांगा, गॅस बंद केलाय का ते आठवून बघा." तो बिचारा तोंडातला फेस सावरत ओरडायचा. पलीकडून कुठल्याशा ओल्या केसांच्या बाईंच्या आवाजात उत्तर यायचं, "त्या म्हणतात, गॅस बंदच आहे, तुमचं डोकं चालू आहे का ते बघा."

लेकीला या सगळ्याची लहानपणापासून लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणींच्या आया केस कापायला तिथेच येत, त्यामुळे कालचं भांडण आज वर्गात पोचलेलं असायचं. मोठी झाल्यावर तिनं कवळ्या बनवायचं काम धरलं. दिवसभर समोर जबडेच जबडे, पण एकही बोलत नाही, यावर ती बेहद्द खूश होती. आईबाबांचं एकमेकांशी पटत नाही, निव्वळ सवयीनं चाललंय, असं तिचं पक्कं मत झालं होतं.

आई गेली न्यूमोनियानं. हॉस्पिटलात शेवटपर्यंत शुद्धीवर होती. नर्सला म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या गृहस्थांना सांगा, दाढीचं जंगल झालंय. सलूनवाल्याला शोभत नाही." बाबांनी निरोप मिळायचीसुद्धा वाट पाहिली नाही, उठून खाली गेले आणि दाढी करून आले. आईनं बघितलं, मान हलवली. दुपारी ती गेली.

दोन दिवसांनी बाबांनी दुकान उघडलं. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून लेक सोबत गेली. गिऱ्हाईकं येत होती, गप्प बसत होती, डोकी हलकी करून जात होती. पलीकडे अंधार. संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर बाबा एका दारातून बाहेर पडले आणि दुसऱ्या दारातून आईच्या बाजूला शिरले. दिवा लावला, आईच्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले आणि लेकीला म्हणाले, "घे कात्री."

"मी? बाबा, मी दात करते."

"माझे केस कायम तुझ्या आईनं कापलेत. आता कुणीतरी कापायला नकोत?"

"आईनं?"

"मग? आणि तिचे मी. दर महिन्याला, शटर ओढून. फार वाईट कापायची. घे म्हणतो ना."

लेकीनं कात्री घेतली. उजवी बाजू जरा जास्त गेली, म्हणून डावी तिच्या बरोबरीला आणायला गेली, तर डावी त्याहून वर चढली. मग उजवी. असं करता करता कानांच्या वर नुसती ओसाडी झाली. बाबा आरशात बघत राहिले.

"तुझ्या आईपेक्षा वाईट कापणारं माणूस जगात असेल, असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले, आणि जे हसत सुटले ते खुर्चीचे हात धरून. हसता हसता सवयीनं फळीकडे तोंड करून म्हणाले, "अहो, सांगा जरा त्या..." आणि थांबले. लेकीनं त्यांच्या मानेवरचे केस हलकेच झटकले.

त्याच आठवड्यात बाबा दुपारचे आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

धाकटा भाऊ परगावाहून पुन्हा धावत आला. दारातच म्हणाला, "ताई, मागच्या खेपेची बॅगसुद्धा उघडली नव्हती गं मी." आणि बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून रडला.

शोकसभेसाठी त्यानं हॉल बघायला सुरुवात केली, तर गिऱ्हाईकं बिथरली. सभा दुकानातच हवी. आली तीही आपापल्या दारानं: पुरुष अलीकडे, बायका पलीकडे. भाऊ मोठ्या तयारीनं सलूनमध्ये उभा राहिला. "आमचे आईबाबा म्हणजे शांत, समाधानी जोडपं..."

पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. मागोमाग आईची जुनी मैत्रीण, कोपऱ्यावरची शिंपीणबाई, खणखणीत आवाजात म्हणाली, "फळीपलीकडच्या मुलाला सांगा, तो चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला आलाय."

मग काय, बांधच फुटला. बाबांचे दर रविवारचे गिऱ्हाईक, बँकेतले कॅशियर, म्हणाले, "फळी यांनीच घातली होती, बाईंची बडबड ऐकू येऊ नये म्हणून."

"काहीतरीच!" पलीकडून आलं. "तिनंच घातली. हे दुपारी घोरायचे!"

"घोरायचे? खुर्चीत?"

"गिऱ्हाईक खुर्चीत, हे बाकावर!"

शेवटी शिंपीणबाई म्हणाली, "कुणी का घातली असेना. एकदा सुतार आला होता. म्हणाला, चांगली जाड बसवून देतो, आवाज म्हणून जाणार नाही. मी इथेच बसले होते. दोघं दोन्हीकडून एकदम ओरडले, 'नको!' सुतार हातोडी विसरून गेला."

सगळे हसले. लेक दोन दारांच्या मध्ये फुटपाथवर उभी होती. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि दोन्ही आवरेनात.

हसणं ओसरल्यावर कॅशियर घसा खाकरून म्हणाले, "एक विचारू का? राग मानू नका. त्यांना शेवटचं पाहिलं, तेव्हा ते केस... उंदरानं कुरतडल्यासारखे... कुणी कापले होते?"

लेकीनं सलूनच्या दारातून डोकं आत घातलं.

"मी," लेक म्हणाली.

"कॅशियरसाहेबांना सांगा," शिंपीणबाई पलीकडून कडाडली, "तुमच्या डोक्यावर तेवढेही नाहीत!"

आणि आयुष्यभर या आरडाओरड्याला नाक मुरडणारी लेक स्वतःच ओरडली, "आणि हेही सांगा, बाबा पोट धरधरून हसले होते!"

चहाच्या तीन फेऱ्या झाल्या तरी कुणी उठेना. शेवटी भावानं एकेकाला चपला शोधून दिल्या.

"ताई, दुकानाचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

"आज काहीच नाही."

शिंपीणबाई सगळ्यांत मागे राहिली होती. तिनं लेकीचा हात धरला. "रविवारी जेवायला ये."

"कोण कोण असतं घरी?"

"मी आणि आमचे हे. हे बोलत नाहीत, नुसतं ऐकून घेतात." तिनं सुस्कारा सोडला. "फार जड जातं गं."

लेक रविवारी गेली. भावालाही घेऊन गेली.