नेट जोडायला नेट

वायफाय जोडून देणारा माझा प्रोग्रॅम तीन वर्षांत चौऱ्याहत्तर लोकांनी वापरला आणि त्यातल्या साठ जणांनी तरी तक्रारच केली. तरीही त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत तो नीट पॅक करून पाठवला, तर आम्ही हौशी लोक मिळून बनवतो त्या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत तो सगळ्यांनाच मिळणार होता. सहा हुकले की पुढची आवृत्ती थेट वर्षाने. आवृत्तीत कुठले प्रोग्रॅम घ्यायचे ते ठरवणाऱ्या बाईंची एकच अट होती: दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासलेला हवा.

दुसरं कुणीतरी म्हणजे घरात बाबाच. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. हात थरथरायला लागले तसं दुकान बंद केलं, आणि तेव्हापासून ते दिवसभर माझ्या चुका काढायला मोकळे.

त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर पॅकेज बसवायला सांगून मी निर्धास्त होते. साडेतीनला हाक आली.

"अगं, हा नेट मागतोय."

"नेट द्यायलाच तर बसवलाय त्याला!"

"तेच मी त्याला सांगतोय. ऐकत नाही."

"तुम्ही काहीतरी भलतंच दाबलं असेल," मी म्हणाले, तेही आवाज चढवून.

 बाबांनी एक कागद पुढे सरकवला. दुकानात प्रत्येक घड्याळाबरोबर ठेवत तशी चिठ्ठी होती: काय दाबलं, किती वाजता, पुढे काय झालं. चूक त्यांची नव्हतीच. पॅकेजने जुना वायफाय प्रोग्रॅम इमानेइतबारे काढून टाकला होता आणि मग त्याला एक छोटी फाइल कमी पडली होती. माझ्या मशीनवर ती कधीचीच होती, म्हणून पॅकेजमध्ये घालायचं मला सुचलंच नव्हतं. आता म्हणे इंटरनेटवरून उतरवून घ्या. विहिरीत पडलेल्या माणसाला दोर आणायला बाजारात धाडावं, तसला प्रकार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझ्या टेबलावर चालत होतं ना?" बाबांनी विचारलं. "माझ्याही टेबलावर सगळी घड्याळं चालायची. गिऱ्हाइकाच्या मनगटावर आठवडाभर चाललं, की मग मी दुरुस्त म्हणायचो."

ती फाइल आत घालून पॅकेज नव्याने बांधायला पाच वाजले. बाबांचं मशीन पूर्ववत करून मी पेनड्राइव्ह लावला आणि माउसला हात घातला, तर त्यांनी हातावर चापट मारली.

"ऊठ. तू केलंस तर ती तुझीच तपासणी."

मग ते बसले. प्रत्येक ओळ वाचत, दर पायरी चिठ्ठीवर लिहीत. हात थरथरत होता, बाण दोनदा बटणाच्या शेजारी पडला. मी नखं खात उभी.

"ही बटणं इतकी बारीक कुणी केली?"

"मी."

"वाटलंच."

पाच चाळीसला नेट लागलं. "पाठवते!" म्हणून मी वळले.

"थांब," म्हणत त्यांनी कॉम्प्युटर चक्क बंद केला. परत सुरू व्हायला त्या म्हाताऱ्या मशीनने आठ मिनिटं खाल्ली. त्या आठ मिनिटांत मला बाबांचा मनापासून राग आला. पण नेट आपणहून जोडलं गेलं, आणि राग कुठल्या कुठे गेला.

पाठवायच्या लांबलचक फॉर्मवर शेवटचा रकाना होता: कुणी तपासलं? मी 'माझे वडील' असं लिहिलं.

"वडील काय, कुणालाही असतात," बाबा मागून म्हणाले. "माझं काम काय ते लिही."

मी 'निवृत्त घड्याळजी' लिहिलं. बाबांनी खिशातून त्यांचं जुनं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पडद्याशी वाकले. तीन शब्दही नव्हते, पण वाचायला वेळ लावला.

"बाबा, दोन मिनिटं राहिलीत."

"पहिला शब्द काढ," ते म्हणाले. "आज दुपारभर मी कामावर होतो."

 मी तो शब्द पुसला आणि सहाला एक मिनिट असताना पॅकेज पाठवलं.