सलूनमधल्या माना

येत्या शनिवारपासून गल्लीत कलासप्ताह होता, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येकाला आपण कलावंत असल्याचं एकाएकी आठवलं होतं. शिंप्याने माळ्यावरची बासरी खाली काढली होती. वाचनालयात कविता होणार होत्या, बेकरीच्या तळघरात एकांकिका आणि बँकेच्या पायऱ्यांवर नाच. तोही बँक बंद झाल्यावर, कारण मॅनेजरसाहेबांना आपल्या दारात रांगेशिवाय दुसरं काही खपत नव्हतं. या सगळ्याचं गुलाबी पत्रक छापून आलं होतं आणि त्यात अगदी तळाशी सलूनचं नाव होतं. 'माना. चित्रप्रदर्शन.' बस, एवढंच.

चित्रं वहिनीची होती. सलूनवाल्याची बायको, म्हणून सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे. खुर्च्यांच्या मागे छोटं टेबल टाकून ती बसायची, नंबर लावायची, टॉवेल द्यायची. गिऱ्हाइकांची तोंडं आरशाकडे आणि पाठ हिच्याकडे. दुसरी एखादी कंटाळून गेली असती. हिने पेन्सिल उचलली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर एकेकाची मान काढायला लागली.

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलात," ती म्हणायची. "आरसा दिसला की माणूस पोट आत घेतो, भुवया सारख्या करतो. मानेला कुणी काही शिकवत नाही. ती आपली जशी आहे तशी असते."

वर्षानुवर्षं ती पानं टॉवेलच्या कपाटात खालच्या फळीवर पडून होती. नवऱ्याने ती कधी धड पाहिलीही नव्हती. तो माणूस वाईट नव्हे, पण बायकोचा हा नाद म्हणजे विरंगुळा, यापलीकडे त्याच्या मनात काही आलं नव्हतं. वहिनीला मात्र आता आपलं काम भिंतीवर, भर उजेडात लागलेलं बघायचं होतं. सगळंच्या सगळं. त्यासाठी ती स्वतः कलासप्ताहाच्या समितीकडे गेली होती आणि नाव घालून घेतल्याशिवाय उठली नव्हती.

गुरुवारी दुपारी चित्रं लागली. फ्रेमा उचलायला लाँड्रीवाला आला होता आणि लाँड्रीवाल्याच्या पोटात काही राहील तर शपथ. चहाच्या टपरीवर कलासप्ताहाचे अध्यक्ष भेटले, तसा हा दहाजणांत म्हणाला, "डॉक्टर, तुमची मान काय हुबेहूब उतरलीय हो वहिनीच्या हातून!"

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. निम्म्या गल्लीच्या दाढा त्यांनी उपटल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडायची लोकांना सवय होती, पण बोलायची नव्हती. ते अर्धा चहा तसाच टाकून तरातरा सलूनमध्ये आले.

"कुणाला विचारून काढलंत माझं चित्र?"

खुर्चीत पोस्टमन होता, अर्धी दाढी झालेला. बाकावर शिंपी नंबर लावून बसला होता. दोघांनीही कान टवकारले.

"खाली नाव कुठे लिहिलंय डॉक्टर?" वहिनी म्हणाली. "नुसती मान आहे."

"लोक ओळखतील ना! अध्यक्षाला असं पाठमोरं टांगायचं म्हणजे काय? माणसाचा मान राखायची काही पद्धत असते. ते चित्र उतरवा, नाहीतर सलूनचं नाव पत्रकातून खोडावं लागेल. चौकातल्या फलकावरूनही."

सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा थांबला. डॉक्टर म्हणजे जुनं गिऱ्हाईक आणि वरून अध्यक्ष. त्याने बायकोला कोपऱ्यात घेतलं.

"अगं, एकच तर आहे. एवढ्या चित्रांत एक गेलं तर काय बिघडतं? उगाच कशाला वाकडं घ्यायचं?"

"आज डॉक्टरांचं उतरवू. उद्या मॅनेजर येईल, परवा बेकरीवाला. मग मी भिंतीवर काय लावू, खिळे?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. आयुष्यभर तुम्ही सगळ्यांना 'बरोबर आहे साहेब' म्हणत आलात. म्हणा. मी नाही म्हणणार."

तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला मुळीच इच्छा नव्हती. ती तशीच वळून डॉक्टरांसमोर उभी राहिली. राग तर आला होताच, पण रागापेक्षा तिला या माणसाची गंमत वाटायला लागली होती. दर महिन्याला तो इथे येत होता. केस कापून झाले की नवरा त्याच्या डोक्यामागे हातातला आरसा धरत होता. आणि दर महिन्याला हे महाशय पेपरातून नजरही न उचलता मान डोलवत होते, 'छान, छान.'

"डॉक्टर, लोक ओळखतील म्हणता ना? मग तुम्हीच ओळखा. तुमचं कुठलं ते दाखवा, मी आत्ता उतरवायला लावते. शब्द देते."

"त्यात काय दाखवायचं? माझी मान मी ओळखत नाही?"

आणि डॉक्टर भिंतीजवळ गेले. पहिल्या ओळीपाशी झपझप चालले. दुसऱ्या ओळीपाशी जरा हळू. जाड मान, सुरकुतलेली मान, कॉलरने काचलेली मान. विरळ केसांचं, मधोमध लख्ख चकाकणारं एक डोकं होतं, त्याच्यासमोरून ते नाक मुरडून पुढे सरकले. पोस्टमनने ओठ घट्ट आवळले. शिंप्याने रुमाल तोंडाला लावला.

"हे!" डॉक्टर खिडकीजवळ थांबले. "हेच. बघा, उजवीकडे कललीय. दात बघून बघून माझी मान अशी झालीय, सगळ्यांना ठाऊक आहे. आणि केस बघा." त्यांचा सूर एकदम मवाळ झाला. "तसं चित्र वाईट नाही. पण उतरवा."

चित्रातले केस दाट होते. मान खरंच उजवीकडे कललेली होती, खूपच. कानाखाली एक तीळ होता.

"काढतो साहेब," म्हणत सलूनवाला लगबगीने पुढे आला, स्टुलावर चढला आणि त्याने फ्रेमला हात घातला. एवढ्या जवळून त्याने बायकोचं चित्र कधी पाहिलं नव्हतं. हा तीळ कुठल्या गिऱ्हाइकाचा, ते त्याला आठवेना. गल्लीतलं प्रत्येक डोकं त्याच्या हाताखालून गेलेलं आणि या एकाचे केस त्याने कधी कापलेच नव्हते.

"हे कुणाचं गं?"

"तुमचं," वहिनी म्हणाली.

त्याचे केस तीच कापायची, सुट्टीच्या दिवशी, मागच्या स्वयंपाकघरात. तिथे त्याच्या डोक्यामागे आरसा धरणारं कुणी नव्हतं.

सलूनवाला स्टुलावर तसाच उभा राहिला. लोकांच्या डोक्यांवर वाकून वाकून आपली मान अशी झालीय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणीतरी ते पाहिलं होतं, रोज, त्या मागच्या टेबलावरून, आणि काही न खोडता कागदावर उतरवलं होतं. त्याचे डोळे भरून आले.

"काढताय ना?" खालून डॉक्टर म्हणाले.

"नाही."

"म्हणजे?"

"नाही काढत. हे नाही आणि दुसरंही कुठलं नाही." फ्रेमवरचा हात काढून तो डॉक्टरांकडे वळला. "फलकावरून नाव खोडायचं तर खोडा साहेब. दुकान माझं आहे, भिंत माझी आहे आणि ही मानही माझी आहे."

पोस्टमन इतक्या जोरात हसला की गालावरचा फेस उडून शिंप्याच्या पायजम्यावर पडला. डॉक्टर लालबुंद झाले. दारापर्यंत गेले, थांबले, पुन्हा भिंतीकडे बघितलं.

"मग माझं कुठलं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"शनिवारी या," वहिनी म्हणाली. "गल्ली दाखवेल."

संध्याकाळपर्यंत चौकातल्या फलकावर सलूनच्या नावावरून काळी रेघ फिरली. सलूनवाला ती मुद्दाम जाऊन बघून आला. येऊन त्याने दाढीच्या साबणाचा भरपूर फेस केला, वाटी बायकोच्या हातात दिली आणि दुकानाची काच पुसून दिली.

वहिनीने ब्रश बुडवला आणि रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'आजपासूनच. गल्लीतल्या सगळ्यांच्या माना. एकही उतरवलेली नाही.'