एकोणिसावं मशीन

नळ आधी खाकरला, मग फुस्स करून हवा सोडू लागला. दुपारचं पाणी यायची वेळ झालेली. मांडीवर नुकतेच डोळे मिटलेली जनी टक्क जागी झाली. मी उठून बादली लावली, पण डोक्यात सकाळपासून एकच घोळत होतं.

चहा पिताना उत्तम म्हणाला होता, "आज शनिवार असला तरी उशीर होईल. नेटवर्कवर एकोणीस मशिनं उत्तर देतायत आणि ऑफिसभर फिरलो तरी सापडतात अठराच. सोमवारी सगळ्या कॉम्प्युटरांचे नेटवर्कवरचे नंबर बदलायचेत. एक जरी राहिलं तरी गोंधळ."

"मोजली कशी?"

"सुमतीची आयडिया. खंडेनवमीला आमचा शिपाई मारुती प्रत्येक मशीनला हार घालतो ना, त्याला विचारलं. अठरा हार. डोकं आहे हं तिला."

डोकं. वागळे इस्टेटच्या त्या ऑफिसात, सुमतीच्याच खुर्चीत, जनी होईपर्यंत मी बसायचे. एकेका नंबराला हाक मारायची आणि कोण ओ देतं ते बघायचं, हे उत्तमने मला शिकवलेलं. वायरचा माग काढत टेबलांखाली रांगता रांगताच आमचं जमलं.

आणि एकोणिसावं कुठे आहे ते मला माहीत होतं. प्रिंटरच्या खालची ती करडी पेटी. तिला पडदा नाही, म्हणून मारुती तिला स्टँड समजतो. ती मी बसवली तेव्हा उत्तम महिनाभर पुण्याच्या ऑफिसात गेलेला. खंडेनवमीला उरलेलं एक झेंडूचं फूल मीच तिच्यावर ठेवायचे.

सकाळी सांगता आलं असतं. पण त्याने मला एकदा तरी विचारावं, असं वाटत होतं. त्याने विचारलं नाही. आता ते दोघं संध्याकाळपर्यंत टेबलाखाली, हे काही डोळ्यांपुढून हलेना. जनीला कडेवर घेतलं आणि खाली विमलाबाईंकडे फोन करायला गेले. त्या मेथी निवडत बसलेल्या.

"हॅलो. कोण, वहिनी का?" सुमतीच. "सर टेबलाखाली आहेत. बोलावू?"

"बोलाव."

पलीकडून दोघांचं हसणं ऐकू आलं. मग लांबून उत्तमचा आवाज, "तिला विचार, येताना दूध आणायचंय का."

मी जनीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"दूध नको," मी म्हटलं. "सुमती, प्रिंटरखाली आहे ना, ते स्टँड नाही. मशीन आहे. त्याची मागची वायर काढ आणि बघ, एकोणिसाचे अठरा होतात का."

"अगंबाई. मी रोज त्यावर डबा ठेवते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी कान लावून उभी. बऱ्याच वेळाने टाळी वाजली, आणि सुमती म्हणाली, "सर, सापडलं. मला सापडलं."

"शाब्बास," उत्तम म्हणाला.

रिसीव्हर पुन्हा कुणी उचलला नाही. मी थोडा वेळ थांबले, मग फोन ठेवला.

"काय हरवलेलं गं?" विमलाबाईंनी विचारलं.

"ऑफिसातलं मशीन. मी बसवलेलं."

"आणि ते तुला डोंबिवलीतून दिसलं?" त्या हसल्या.

जनी हसली नाही. माझ्या मंगळसूत्राशी खेळता खेळता थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुझं मशीन तू त्या मावशीला का दिलंस?"