हात कापल्यावर दिलेली कोंबडी

वडगावच्या कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून बायाचे गुडघे गेले होते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातंय? त्याच्या घरात कुणाचा हात कापलेला नसतो.

बायाच्या नवऱ्याचा, कोंडूचा, कापला होता. उजवा, कोपराखाली. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या कामावर दगड वाहताना त्याचं मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घातलं, तेही करकचून. दुसऱ्या दिवशी बोटं निळी पडली. बाया त्याला घेऊन दोनदा गेली, दोनदा गोळ्या देऊन परत धाडलं. "दुखणारच, कळ काढा." तिसऱ्यांदा गेली तेव्हा बोटं काळीठिक्कर, आणि मग मात्र सगळ्यांची धावाधाव. या गोष्टीला चार वर्षं झाली.

दवाखाना म्हणे, चूक कोंडूची. त्यानं प्लास्टर ओढ्यात भिजवलं. आता भिजवलं होतं, खोटं कशाला बोला? हाताची आग आग होत होती, माणूस करील तरी काय? पण तेवढं एक वाक्य कोंडूच्या मनात असं रुतलं की दावा स्वतःचा असून तो कोर्टात आरोपीसारखा बसायचा. घरीसुद्धा बायाच्या नजरेला नजर देईना. भरपाई मिळो न मिळो, जज्जानं एकदा मोठ्यानं म्हणावं, कोंडू, तुझी चूक नव्हती, एवढ्यासाठी बाया हेलपाटे घालत होती.

आज तिची साक्ष होती. तिच्या वकिलांनी, सबनिसांनी, बजावलं होतं, "विचारतील तेवढंच बोला."

दवाखान्याचा वकील उठला. जिभेवर नुसता मध.

"बाई, हात कापला त्याच दिवशी तुम्ही डॉक्टरांना कोंबडी नेऊन दिलीत. खरं ना?"

"व्हय."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

"न्हाई. मीच दिली."

वकील जज्जाकडं वळला. "साहेब, ज्यानं नवऱ्याचा हात घालवला त्याला कुणी कोंबडी देतं का?"

सबनिसांनी कपाळाला हात लावला. कोंडूनं मान वर केली. कोंबडीचं त्याला ठाऊकच नव्हतं.

"द्यावीच लागती!" बाया कडाडली. आता ती कुणाच्या बापाला ऐकणार नव्हती. "आमच्या वाडीत जो दुखण्याला हात लावतो त्याला रिकामा धाडत न्हाईत. गुन आला तर नारळ. मानूस बिघडवला तर कोंबडी. घे बाबा, आन पुन्यांदा आमच्या मानसाला हात लावू नगंस. माझा मानूस त्यांनी बिघडवला, म्हनून कोंबडी दिली. चांगला केला असता तर नारळ न्हेला नसता का?"

कोर्टात हशा पिकला. जज्जांनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. स्वखुशीनं कोंबडी दिली."

बाहेर आल्यावर सबनीस म्हणाले, "बाई, कोंबडीनं घात केला. दावा गेला म्हणून समजा." तसंच झालं, पुढच्या महिन्यात दावा फेटाळला गेला.

पण त्या दिवशी दोघं वडगाव स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघत बसली होती. डॉक्टरला रिवाज समजेल असं आपण धरूनच कसं चाललो, या विचारानं बाया स्वतःला बोल लावत होती. जन्माचं नुकसान आपल्याच हातानं केलं.

कोंडूनं विचारलं, "कापला त्याच दिशी दिलीस कोंबडी?"

"त्याच दिशी."

"म्हंजी तवाच तुला ठावं हुतं? त्यांनी बिघडवला म्हनून?"

"मग?"

कोंडूनं तिच्या नजरेला नजर दिली. "मला वाटायचं, तूबी मनात मलाच दोष देतीस."



"मुडद्या," ती म्हणाली आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं, "मग चार वरसं मी हितं काय जत्रंला येत हुते?"