पाचवी सकाळ

दर जुलैत पहिल्या दिवशी माझी मान दुखते, आणि दर जुलैत बाबा तेच म्हणतात, "फिले, झाडं कुठे पळून जात नाहीत. आधी गाडीतून सामान काढ." पण कसं काढणार? आम्ही टरलॉक गावचे लोक. आमच्याकडे जमीन ताटासारखी सपाट, आणि तिच्यावर सगळ्यात उंच काय, तर आजोबांच्या गोठ्यामागची चाऱ्याची टाकी. तिथून तीन तास गाडीत बसायचं, शेवटच्या घाटात ओकारी दाबून धरायची, दार उघडून पाय बाहेर टाकायचा, आणि समोर एकदम रेडवूड! खोड बघायला लागलं की बघतच राहायचं, वर, अजून वर, तरी पहिली फांदी आलेलीच नसते. पंचवीस मजले उंच वस्तू जिवंत आहे, पाणी पिते, आणि आवाज म्हणून करत नाही, हे मला पंधराव्या वर्षीही खरं वाटत नाही.

बाबांनी मला उतरवलं, आजीने भाजलेला गोड पाव आणि लिंग्विसा, म्हणजे आमच्या पोर्तुगीज घरातले तिखट सॉसेज, इल्डा आत्याच्या हातात कोंबले, आणि संध्याकाळच्या धारांना पोचायचं म्हणून लगेच गाडी फिरवली.

इल्डा आत्या बाबांची थोरली बहीण. अकरा वर्षं झाली, उन्हाळाभर ती या स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडची होस्ट असते. अगदी तोंडाशी, पहिल्या जागेवर, तिचा ट्रेलर. पगार नाही. राहायची जागा मिळते, आणि बदल्यात आलेल्यांना नकाशे द्यायचे, संडासात कागद आहे की नाही बघायचं, रात्री दहानंतर गिटार वाजवणाऱ्याला गप्प करायचं. आणि शपथ द्यायची.

"या वर्षी शपथ मी देणार," मी जाहीर केलं. मी यंदा शाळेच्या वादविवाद संघात होते, एप्रिलमध्ये जिल्ह्यात दुसरी आले, आणि तेव्हापासून कुठेही उभं राहून बोलायचं म्हटलं की मला गुदगुल्या होतात.

"दे बाई. माझा घसा तरी वाचेल."

सतरा नंबरच्या जागेवर एक दाढीवाला तंबूच्या काठ्यांशी भांडत होता. बगलेत उशीएवढी वेफर्सची पिशवी.

"नमस्कार! उजवा हात वर करा आणि म्हणा, मी खाण्याचा एक कणही जमिनीवर सांडणार नाही."

"एक वेफर पडला तर काय जंगल बुडेल?"

"अहो, एक वेफर पडला की निळा 'जे' पक्षी येतो. त्याला कळलं की इथे खायला मिळतं, की तो चार भाऊबंद घेऊन मुक्कामाला येतो. मग जेवण झाल्यावर ते सगळे वर झाडांत जातात आणि मरलेट पाखराचं अंडं फोडून खातात. मरलेट वर्षाला एकच अंडं घालतो. एकच! म्हणजे तुमच्या एका वेफरपायी एक अख्खं..."

"केला, केला हात वर!"

"पायाखालचेही उचल," त्याची बायको खुर्चीतून म्हणाली. "आणि या मुलीला घरी घेऊन जाऊ या का? तू कुणाचं इतकं ऐकत नाहीस."

मी अभिमानाने फुगून ट्रेलरवर परत आले. आत्या स्टोव्हवर लिंग्विसा परतत होती. एरवी ती मला नक्कल करायला लावते, तो दाढीवाला कसा म्हणाला, बायको कशी म्हणाली. आज नुसतं "हं" म्हणाली. टेबलावर एक कागद होता. वर चार तारखा, आणि प्रत्येकीपुढे तिच्या सरळ अक्षरात शून्य.

"एकही नाही?" मी विचारलं.

"एकही नाही."

मरलेट म्हणजे कबुतराहून लहान एक समुद्रपक्षी. आयुष्यभर लाटांवर राहतो, मासे खातो, आणि अंडं घालायला मात्र डोंगर चढून या झाडांत येतो. घरटंही बांधत नाही. फांदीवर शेवाळाची गादी बघतो आणि तिच्यावरच बसतो. ही पाखरं पिल्लं कुठे वाढवतात हे माणसांना कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. अजूनही ती सहसा दिसत नाहीत. उजाडायच्या सुमाराला समुद्राकडून येतात आणि जाता जाता ओरडतात, तेवढंच. म्हणून कुणीतरी जुन्या झाडांखाली पडून ऐकायचं आणि मोजायचं. पार्कच्या या खोऱ्यात ती 'कुणीतरी' म्हणजे इल्डा आत्या.

"उद्या पाचवी सकाळ," आत्या म्हणाली. "शेवटची. नऊला मिरियम कागद न्यायला येईल." मिरियम ही पार्कची पक्षितज्ज्ञ. "उद्याही शून्य आलं, तर खोरं रिकामं म्हणून लिहिलं जाईल. मग पुढच्या उन्हाळ्यापासून वरचा लूप उघडतील."

वरचा लूप म्हणजे सगळ्यात जुन्या झाडांखालच्या तीस जागा. पाखरांसाठी तो उन्हाळाभर बंद असतो. तीस जागा म्हणजे तीस शेकोट्या, तीस पिशव्या वेफर्स. शपथ मी कितीही जोरात दिली तरी.

"पण चूक असेल तर? पाखरं असतील आणि..."

"अकरा वर्षं ऐकतेय मी, फिले."

तेवढ्यात डोक्यावर 'चिक्' झालं. मी आल्यापासून ते होत होतं.

"आत्या, त्या धुराच्या घंटीची बॅटरी बदल ना. डोकं उठलं माझं."

"तिला काय झालं?"

"दर मिनिटाला चिक् चिक् करतेय की."

आत्याने छताकडे पाहिलं. आम्ही दोघी थांबलो. चिक्.

"हे बघ! आत्ता!"

"चल, फाजील कुठली. वादविवाद करता करता थापा मारायलाही शिकलीस." ती हसली आणि हात पुसून तिने फोन घेतला. "ये इकडे. उद्या काय ऐकायचं ते तरी ऐकून ठेव. मिरियमने पाठवलंय."

फोन टेबलावर ठेवून तिने बटण दाबलं. लगेच आवाज आला. कीर, कीर, कीर. बारीक आणि धारदार, कुणीतरी सीगल धुऊन आटवला असावा तसा.

"अजून सुरू व्हायचंय. थांब जरा," आत्या म्हणाली.

कीर, कीर.

तिने आवाज वाढवायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कीर, कीर, आता माझे कान दुखायला लागले. आत्या पडद्याकडे बघत होती, बस येण्याची वाट बघावी तशी. मी दोन्ही हात कानांवर धरले.

मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. पडद्यावरची वरखाली नाचणारी रेघ पाहिली. मग छताकडे.

"वाजतंय?"

"हो."

"केव्हापासून?"

"तू बटण दाबलंस तेव्हापासून."

आत्या खाली बसली. ती गोड पावाचा तुकडा मोडत राहिली, कण न कण तळहातावर धरून.

"पण माझं बोलणं तर तुला ऐकू येतं," मी म्हणाले.

"तुझं बोलणं टरलॉकला गाईंनाही ऐकू येतं." मग हळूच, "बारीक आवाजच गेलेत माझे. म्हणजे ती शून्यं माझीही असू शकतील. पाखरांची असतीलच असं नाही."

"मिरियमला सांग ना."

"दर वर्षी कानांची तपासणी करायची असते. यंदा मी करते, करते म्हणत ढकलली. उन्हाळा लागतानाच मला वाटलं होतं की थ्रश पक्षी कमी झालेत. रातकिडेही कमी झालेत. सगळं जंगलच गप्प झालंय. अशी कशी गं मी? सगळं जग मुकं झालं असं समजून बसले, पण स्वतःवर शंका घेतली नाही."

मला रडायला यायला लागलं, म्हणून मी मोठ्याने बोलले. "उद्या मी ऐकते. तू बघ. तुझे डोळे तर घारीचे आहेत."

"तू? दोन तास? तोंड मिटून?"

"हो!"

"देवा, पाखरांची नाही, आता मला तुझीच काळजी लागली."

उजाडायच्या पाऊण तास आधी आम्ही वरच्या लूपच्या रस्त्यावर चटया टाकून उताणं पडलो, डोक्याला डोकं लावून. वर झाडांच्या शेंड्यांमध्ये आभाळाची एक फट होती, राखाडी, बोटीच्या आकाराची. ठरलेलं असं होतं की मी आत्याचं मनगट धरायचं आणि आवाज आला की दाबायचं.

सुरुवातीला मला फक्त मीच ऐकू येत होते. श्वास, पोट, जाकिटाची सळसळ. मग हळूहळू मी संपले आणि जंगल सुरू झालं. धुकं वरच्या फांद्यांत अडकून थेंब होत होतं, आणि एकेक थेंब इतक्या उंचावरून पडत होता की तो निघाल्यापासून पोचेपर्यंत मधल्या पानापानावर त्याचे टप्पे मोजता येत होते. टप. टप. टप. मग माती. कुठेतरी एक थ्रश गायला लागला, जिना चढत गेल्यासारखा वर वर, आणि शेवटची पायरी चढून नाहीसा झाला. मी मनगट दाबलं नाही. तो मोजायचा नव्हता. आत्याला तो ऐकूच आला नसणार.

ही झाडं उगवली तेव्हा आमच्या पोर्तुगीज घराण्यातल्या कुणी बोटीत बसून समुद्र ओलांडायचं आणि इकडे यायचं मनातही आणलं नसेल. आणि तेव्हापासून रोज सकाळी इथे हेच होत आलंय, कुणी ऐको न ऐको. मी आयुष्यात इतकी लहान कधी झाले नव्हते, आणि मला ते इतकं आवडेल असंही कधी वाटलं नव्हतं.

अर्धा तास गेला. काही नाही. फट पांढरी होत आली. आत्याची नाडी माझ्या बोटांखाली उडत होती. मी मनात म्हणत होते, या ना, एकदा या, तिच्यासाठी या, त्या मूर्ख तीस शेकोट्या पेटू नयेत म्हणून या.

कीर.

इतका दूर, की मला वाटलं मीच बनवला. मी श्वास रोखला. कीर, कीर. पश्चिमेकडून, समुद्राच्या बाजूने. मी मनगट दाबलं. आत्याचा हात ताठ झाला. कीर, कीर, कीर, आता आमच्यावर, एक, नाही दोन, एक विचारतोय आणि दुसरा उत्तर देतोय, आणि मी दाबतेय, दाबतेय, तिचं मनगट मोडेल इतकं दाबतेय. समुद्र आमच्या डोक्यावरून चालला होता! पाण्यावर झोपणारी पाखरं रस्ते, घाट, धुकं, सगळं ओलांडून, हजारो झाडांतली आपली एक फांदी शोधत, या फटीत! आणि मी तिथे होते!

मग आवाज थांबले. पंखांची एक सर्र झाली.

"खाली!" आत्या ओरडली. तीच ओरडली, मी नाही, हे लिहून ठेवते. "फांद्यांच्या खालून! फिले, बघ, चोचीत मासा!"

मला फक्त एक काळी गोळी दिसली, दोन खोडांच्या मधून गेली आणि विझली. पण आत्याने ती आल्यापासून जाईपर्यंत पाहिली होती. बोट वर करून ती त्या जागेकडे दाखवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानात वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. फांद्यांच्या वरून जाणारं पाखरू वाटसरू असू शकतं. खालून, मासा घेऊन जाणारं पाखरू घरी चाललेलं असतं.

नऊला मिरियम आली. तिने कागद उभ्याउभ्याच वाचायला घेतला, आणि मग ती बाकावर बसली. पाचव्या तारखेपुढे लिहिलं होतं, आवाज अकरा, ऐकणारी फिलोमेना ताव्हारेस. दिसलेलं पाखरू एक, फांद्यांखालून, बघणारी इल्डा ताव्हारेस. आणि पहिल्या चार शून्यांवर आत्याने सरळ रेघ ओढून लिहिलं होतं, हे धरू नका, ऐकणारीचे कान गेलेत.

"इल्डा," मिरियम हळू म्हणाली, "हे तुम्हाला माहीत आहे ना, की मग मला तुमचं नाव..."

"काढ. यादीतून काढ. होस्ट मी राहते. लोकांवर ओरडायला कान लागत नाहीत."

"आणि हिचे कान शिकवलेले नाहीत. नुसत्या हिच्या शब्दावर मला काही सिद्ध करता येणार नाही."

"माझे डोळे शिकवलेले आहेत. मासा होता, मिरियम. चांदीसारखा."

मिरियमने कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. "गुरुवारपासून मी स्वतः येते. पाचही सकाळी पहिल्यापासून. तोवर या खोऱ्याला कुणी रिकामं म्हणणार नाही." जीपपर्यंत जाऊन ती वळली. "किती मोठा होता मासा?"

"बोटाएवढा!" आत्या म्हणाली, आणि मिरियम लहान मुलीसारखी हसली.

जीप गेल्यावर आत्या पायरीवर बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसले.

"कसा होता गं?" तिने विचारलं. "आज. खराखुरा."

"कीर, कीर," मी केलं, अगदी तसाच, बारीक. तिचा चेहरा हलला नाही. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

मग मी छाती भरून घेतली आणि तोच आवाज जाड केला, सगळ्यात खालच्या सुरात. कीऽर. कीऽर.

"ही तर आजोबांची अडलेली गाय!"

"थांब ना!" मी थोडा वर घेतला. सतरा नंबरचा दाढीवाला दात घासता घासता बघायला लागला. बघू दे. कीऽर, कीऽर, एकाने विचारलं, दुसऱ्याने उत्तर दिलं, तो लांबून आला, तो आमच्या डोक्यावर आला. आत्याने डोळे मिटले.

"पहिल्यापेक्षा दुसरा जरा तुटक," ती म्हणाली.

मी तुटक केला.

"हां," ती म्हणाली. "असाच. अगदी असाच करतात."